मूळ नाही, एवढेच ठाऊक होते



गणितावर बोलायचे म्हटले की संयोजक आडून आडून एक विनंती करतात : आकडेमोड जरा कमी ठेवा. यंदाही ती झाली. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी जन्मभर फळा आणि खडू सोडला नाही, आणि आजच्या माझ्या विषयालाही फळ्यावाचून गती नाही. म्हणून आधी ती संख्याच लिहितो.

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंक आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची नावे दिली आहेत. ती एकापासून सुरू होऊन परार्धाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपल्या संख्येत असे १४७५ परार्ध मावतात आणि वर पुष्कळ उरते. वाचायला ती अशी अवघड असली तरी तिची घडण अगदी साधी आहे. २ चा ६७ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही राजाला दिवाळखोर करणारी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या चौसष्ट घरांतल्या एकूण दाण्यांची आठपट करा, वर सात दाणे टाका, की ही संख्या मिळते.

ही मूळ संख्या आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशाने निःशेष भाग जातो का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला २३२ वर्षे लागली, आणि ते मिळाल्यावरही गोष्ट संपली नाही. त्या न संपलेल्या भागाबद्दल मला आज बोलायचे आहे.

सुरुवात मारँ मेर्सेनपासून करावी लागते. हा पॅरिसमधला मिनिम पंथाचा साधू. जन्म १५८८, मृत्यू १६४८. नियतकालिके नसलेल्या त्या काळात युरोपातले विद्वान आपले शोध याला पत्राने कळवत आणि हा ते इतरांना पोचवी. त्याला परिपूर्ण संख्यांचा नाद होता. ६ चे विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ चेही तसेच, मग ४९६, मग ८१२८. युक्लिडने दाखवून ठेवले होते की २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या आली, तर तिला त्याच्या आधीच्या घाताने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते. तेव्हा प्रश्न उरला एवढाच, की कोणता घात घेतला म्हणजे मूळ संख्या येते.

घातांक संयुक्त असेल तर येत नाही, हे लगेच दिसते. घातांक १५ घेतला तर उत्तराला ७ ने आणि ३१ ने भाग जाणारच, कारण ३ आणि ५ हे १५ चे विभाजक आहेत. घातांक मूळ हवा. पण तेवढे पुरत नाही. ११ मूळ आहे, आणि २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. ते २३ गुणिले ८९ निघतात. १६४४ मध्ये मेर्सेनने आपल्या ग्रंथात यादीच दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. म्हणे २५७ पर्यंत एवढेच घातांक मूळ संख्या देतात. याच ग्रंथात त्याने असेही लिहिले आहे की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही. स्वतःच असे म्हणणारा माणूस सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर अंकी संख्येबद्दल बेधडक विधान करतो, याचे मला नेहमी नवल वाटते. आज आपल्याला ठाऊक आहे की यादीत ६७ आणि २५७ चुकून आले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. ६७ हा ६१ चा छापखान्यातला अपभ्रंश असावा असे कोणी कोणी सुचवतात. मला ती साधूची बाजू सावरण्याची धडपड वाटते, कारण तसे मानले तरी बाकीच्या चुका जागच्या जागीच राहतात.

आता ६७ कडे वळू. सरळ रीत म्हणजे भाग घालून पाहणे. संख्येच्या वर्गमुळापर्यंत पाहिले की पुरे, पण इथे वर्गमूळच सुमारे १२१५ कोटी आहे, आणि तिथवर पंचावन्न कोटींच्या आसपास मूळ संख्या आहेत. यातून वाट काढून दिली पिएर द फर्माने. १६४० मध्ये त्याने मेर्सेनला पत्राने कळवले की घातांक मूळ असेल तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो. याच आधाराने त्याने २ चा ३७ वा घात वजा १ या संख्येचा २२३ हा विभाजक शोधून काढला; ७४ ची तिप्पट २२२, अधिक १. आपल्या बाबतीत विभाजक १३४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा हवा. पुढे आणखी एक अट सापडली : त्याला आठने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे.

या दोन चाळण्यांतून काय उरते ते पाहण्यासारखे आहे. १३५, ५३७, ६७१, १०७३, १२०७ या संख्या दोन्ही अटी पाळतात, पण स्वतःच संयुक्त असल्यामुळे बाद होतात. पहिला खरा उमेदवार १६०९. त्याने भाग जात नाही. असे करत वर्गमुळापर्यंत जायचे तर पंचावन्न कोटींऐवजी साधारण एक्केचाळीस लाख उमेदवार उरतात. चाळणी उत्तम, पण हाताने करणाऱ्याच्या दृष्टीने पंचावन्न कोटी काय आणि एक्केचाळीस लाख काय.

१८७६ मध्ये एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञाने भाग घालण्याचा रस्ताच सोडला. लुकास तुम्हाला दुसऱ्या वाटेने परिचित असेल. तीन खुंट्या आणि लहान-मोठ्या चकत्यांचे हनोईचे मनोरे हे कोडे त्याचेच. योगायोग असा की ६७ चकत्या घेतल्या तर ते कोडे सोडवायला नेमक्या आपल्या संख्येइतक्या चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर साडेचार लाख कोटींहून अधिक वर्षे.

लुकासची चाचणी अशी. तिला आजचे सुटसुटीत रूप पुढे डी. एच. लेमरने दिले, तेच सांगतो. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केले, आणि शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त. घातांक ५ घेऊ, म्हणजे संख्या ३१. ४ नंतर १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. ३१ मूळ. आता घातांक ११, संख्या २०४७. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य आले नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. या सगळ्या खटाटोपात २३ आणि ८९ यांचे तोंडही दिसले नाही, याकडे कृपया लक्ष द्या.

वर्षअखेरीला दुकानाचा ताळेबंद जुळला नाही तर वहीत चूक आहे हे निश्चित कळते. ती कोणत्या पानावर आहे हे त्यावरून कळत नाही. लुकासचा निष्कर्ष या जातीचा आहे. संख्या मूळ असती तर हिशेब अमुक एका उत्तराशी थांबला असता. तो तिथे थांबला नाही. सबब ती मूळ नाही. या रीतीने लुकासने दाखवले की ६७ व्या घाताची संख्या मूळ नाही. त्याच वर्षी त्याने १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचेही सिद्ध केले, आणि १९५१ पर्यंत माहीत असलेल्या मूळ संख्यांत तीच सर्वांत मोठी राहिली.

मेर्सेनची चूक पकडली गेली ती इथे, १८७६ मध्ये. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकप्रिय पुस्तकांत हे श्रेय सर्रास दुसऱ्याला मिळते.

तो दुसरा म्हणजे फ्रँक नेल्सन कोल. जन्म १८६१, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक, आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा तब्बल पंचवीस वर्षे चिटणीस. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमधल्या सोसायटीच्या सभेत त्याने मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर निबंध सादर केला. गोष्ट अशी सांगतात की कोल फळ्याशी गेला, एक शब्दही न बोलता त्याने २ चा ६७ वा घात काढला, १ वजा केला. मग फळ्याच्या रिकाम्या भागाकडे सरकला आणि तिथे लिहिले

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

आणि शाळकरी पोरासारखा गुणाकार करू लागला. दोन्हीकडची उत्तरे एक आली. कोल जागेवर जाऊन बसला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. प्रश्न कोणीच विचारला नाही.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आणली एरिक टेंपल बेल यांनी, १९५१ च्या त्यांच्या पुस्तकातून, म्हणजे घटनेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. सभेच्या वेळी बेल न्यूयॉर्कमध्ये नव्हते. ते कॅलिफोर्नियात शिकत होते. गोष्ट रंगवण्याचा त्यांचा हातही प्रसिद्ध आहे. त्यामुळे टाळ्यांबद्दल मी जामीन राहणार नाही. निबंध मात्र सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापलेला आहे, आणि गुणाकार कोणालाही करून पाहता येतो.

आपणच पाहू या. मोठी संख्या गुण्य धरा. गुणकाचे अंक १, ९, ३, ७, ०, ७, ७, २, १. शून्याची ओळ नाही, म्हणजे आठ ओळी. त्यांत ७ तीनदा आणि १ दोनदा येतो, म्हणून खरे गुणाकार पाचच. सातची ओळ ५३,३२,८६,७८,०१,००९ अशी येते, ती एकदा काढून तीन ठिकाणी उतरवायची. सवय असलेल्याला पंधरा-वीस मिनिटे पुरावीत. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी आपला नवाचा ताळा घ्यावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, त्यांची १०, त्यांचा १. दुसऱ्याच्या अंकांची ६४, तिचाही शेवट १. एक गुणिले एक, एक. आपल्या एकवीस अंकांची बेरीज १०९, तिचाही शेवट १. ज्यांना नवाचा ताळा पुरत नाही त्यांनी अकराचा घ्यावा. पहिल्या अवयवाला अकराने भागून बाकी ९, दुसऱ्याला ८; ९ आठे ७२, त्याची बाकी ६; आणि मूळच्या संख्येचीही ६. फर्माची अटही पाळलेली आहे : १९,३७,०७,७२० म्हणजे १३४ गुणिले १४,४५,५८०.

पडताळा असा सोपा आहे. शोध कसा लागला असेल? १९११ च्या सुमारास बेल यांनी कोलला विचारले की याला किती वेळ लागला. उत्तर आले : तीन वर्षांचे रविवार. हे उत्तर मला आकडेमोडीला धरून वाटते, ते का ते सांगतो. दोन्ही चाळण्यांतून निघालेले मूळ उमेदवार एकापाठोपाठ एक घेत गेले तर या अवयवाच्या आधी सुमारे ऐंशी हजार भागाकार करावे लागतात. एकाला दहा मिनिटे धरली तरी तेरा हजारांहून अधिक तास. तीन वर्षांत रविवार दीडशेच्या वर थोडे. प्रत्येक रविवारी दहा तास बसले तरी पंधरा-सोळाशे तास भरतात. शिवाय मूळ संख्यांची छापील कोष्टके तेव्हा नव्वद लाखांच्या आसपास संपत, आणि हा अवयव एकोणीस कोटींवर बसलेला. म्हणजे कोलने नुसता भाग घालून हे केलेले असणे शक्यच नाही.

त्याने वर्गशेषांचा आधार घेतला. त्यामागची कल्पना जुनीच, फर्माची. एखादी विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडता आली की तिचे अवयव हातात येतात. २०४७ म्हणजे ५६ चा वर्ग वजा ३३ चा वर्ग. ५६ मधून ३३ गेले २३, ५६ आणि ३३ मिळून ८९. आपल्या संख्येसाठी ५६ च्या जागी येणारा आकडा वर्गमुळापासून, म्हणजे १२१५ कोटींपासून, वर शोधत जायचा. तो सापडतो ३८,१०१ कोटींच्या पुढे, कारण दोन अवयवांत फार अंतर आहे. एकेक पायरी चढून तिथवर जन्मात पोचता येत नाही. पण अमुक एका संख्येने भागल्यावर पूर्ण वर्गाची बाकी काय असू शकते आणि काय असू शकत नाही याचे नियम आहेत, आणि असे बरेच नियम एकत्र लावले की पायऱ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे न पाहता गाळता येतात. कोलचे रविवार या गाळणीत गेले.

तर मग सभेने टाळ्या वाजवल्याच असतील तर त्या कशासाठी? संख्या संयुक्त असल्याची बातमी सत्तावीस वर्षे जुनी होती. माझ्या मते टाळ्या निराळ्या कामाला होत्या. ‘अवयव आहेत’ हे सिद्ध करणे आणि ‘हे घ्या अवयव’ म्हणणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले होऊन दुसरे अडून राहू शकते, याचा पहिला ठसठशीत दाखला म्हणजे ही संख्या. शाळेत आपण ही दोन्ही कामे एकच समजतो, कारण ९१ मूळ नाही हे आपल्याला १३ आणि ७ सापडल्यावरच कळते. मोठ्या संख्यांच्या राज्यात हा हिशेब चालत नाही.

तिथे आणखीही फसवणूक होते. फर्माचा एक प्रसिद्ध नियम आहे : संख्या मूळ आणि विषम असेल तर २ चा, त्या संख्येपेक्षा एकाने कमी इतकावा, घात काढून तिने भागल्यावर बाकी १ उरते. आपली संख्या संयुक्त असूनही ही परीक्षा बिनबोभाट उत्तीर्ण होते. २ च्या ६७ व्या घाताची बाकी १, आणि संख्येतून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ६७ ने भाग जातो, म्हणून. तिला तोतया मूळ म्हणायला हरकत नाही. लुकासची चाचणी लागली ती यासाठी.

या दोन कामांतले अंतर विसाव्या शतकात धंद्याला आले. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्यावर गुप्तलेखनाची पद्धत उभी केली : दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणाकार जगजाहीर करा, अवयव स्वतःकडे ठेवा. मोठ्या मूळ संख्या निवडणे सोपे, कारण मूळ आहे की नाही हे पटकन कळते. गुणाकार फोडणे अवघड. त्या वर्षी आव्हान म्हणून जाहीर झालेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, तीही शेकडो संगणकांनी मिळून. वापरलेली रीत कोलच्या रीतीच्या कुळातली होती. वर्गांच्या शेषांवरच चाललेली. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले की कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे अटकळीवाचून, वेळेचा स्फोट होऊ न देता ठरवता येते. लुकासच्या बाजूचा प्रश्न असा तत्त्वतः सुटला. कोलच्या बाजूला आजच्या संगणकांसाठी अशी झटपट रीत कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेले नाही. बँकांची कुलपे या अज्ञानावर लटकली आहेत, हे मी सहज जाता जाता सांगून ठेवतो.

कोलचे १९२६ मध्ये निधन झाले. त्याच्या नावाने सोसायटी बीजगणितासाठी आणि संख्या सिद्धांतासाठी पारितोषिके देते. संख्या सिद्धांताचे २०११ चे कोल पारितोषिक मुंबईत वाढलेल्या चंद्रशेखर खरे यांना झाँ-पिएर विंटेनबर्जर यांच्याबरोबर मिळाले, सेर या गणितज्ञाच्या अटकळीच्या सिद्धतेसाठी. ते काम रविवारच्या आकडेमोडीपासून फार दूरचे आहे. पारितोषिक ज्याच्या नावाचे, त्याची आठवण मात्र लोक एका गुणाकारासाठी काढतात.

आपली एकवीस अंकी संख्या आज खिशातला फोनही डोळ्याचे पाते लवण्याआत फोडतो. म्हणून जाण्यापूर्वी तिची एक नातेवाईक दाखवतो. १२७७ आणि १२७९ या जोडमूळ संख्या. २ चा १२७९ वा घात वजा १ ही मूळ संख्या आहे, हे १९५२ मध्ये राफाएल रॉबिन्सन यांनी संगणकावर लुकासची चाचणी चालवून सिद्ध केले. तिच्या शेजारची, १२७७ व्या घाताची, ३८५ अंकी आहे. ती त्या चाचणीत नापास होते, म्हणजे तिला अवयव आहेत यात शंका नाही. तिचा प्रत्येक मूळ अवयव २५५४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार आणि आठने भागल्यावर १ किंवा ७ बाकी ठेवणार, हेही फर्माच्या वेळेपासूनच्या नियमांनी सांगता येते. हे व्याख्यान छापायला देईपर्यंत तरी त्यांतला एकही कोणाला सापडलेला नाही.